गोडंबीचं उटणं

अमरीनच्या बोटांच्या बेचक्यात सकाळपासून खाज सुटली व्हती. आधी तिला वाटलं, भांडी घासायची पावडर लागली असंल. मग वाटलं, डास चावला असंल. पण डास काय दोन्ही हातांच्या सगळ्या बेचक्यांत रांगेनं चावत नाय. मोरीतून उठून तिनं दाराच्या उजेडात हात धरले, तर कातडी लालभडक झालेली, आन त्या लालीवर पाण्याचे बारीक फोड. मोहरीएवढे. काही ठिकाणी दोन-दोन फोड एकमेकांत मिसळून गेलेले.

तिनं पटकन ओढणीखाली हात घेतले. का घेतले ते तिलाच कळलं नाय. घरात कोणी बघत नव्हतं. पण आईच्या नजरेतून काय सुटत नाय.

"हात को क्या हुआ गे?" रुक्सानानं विचारलं. ती बाजाराची पिशवी भरत व्हती, बांगड्यांचे डबे खाली, वर क्लिपा आन रबरं.

"कुछ नै."

"दिखा."

"अम्मी, कुछ नै बोली ना मैं."

रुक्सानानं पिशवी सोडली आन पोरीचं मनगट धरून हात बाहेर ओढला. बोटं फाकवून बघितली. मग तिचा चेहराच बदलला. घरात त्यांचं दखनी चालायचं, पण बाजारात बांगड्या विकून विकून रुक्सानाच्या तोंडी मराठी अशी बसलेली, की घाबरली की तीच बाहेर यायची.

"बिबा फोडलास तू?"

अमरीननं हात सोडवून घ्यायला बघितलं.

"अगं, विचारते मी. बिबा फोडलास का हातानं? हा बिबा उतलाय. तुझी दादी टाचंच्या भेगांत बिब्याचं तेल सोडायची, तवा एकदा हात न धुता गालाला लावला तिनं. तोंड असं सुजलं, की लई दिवस डोळा उघडला नव्हता. तो काळा डाग मरेपर्यंत गेला नाय तिचा. कशाला फोडलास बिबा?"

अमरीनला ऐकू येत व्हतं, पण लांबून आल्यासारखं. तिच्या डोळ्यापुढं श्रीखंडाचे दोन रिकामे डबे उभे राहिले, तिनंच घासूनपुसून उन्हात वाळवलेले. त्यात तिनं दाबून दाबून उटणं भरलं व्हतं. ते डबे आता राजुरीत व्हते, ज्योत्स्नाच्या घरी. आन आज ज्योत्स्नाची हळद व्हती.

झालं काय व्हतं, ते सांगायला पायजे.

अमरीननं नववीत शाळा सोडली. सोडली म्हंजे, मास्तर वर्गात सगळ्यांपुढं काहीतरी लागट बोलले, हिनं दप्तर उचललं आन निघून आली, ते परत गेली नाय. मग ती आळेफाट्याला मोहिनीताईंच्या पार्लरमधी लागली. हात हलका, आन नजर अशी, की दुसऱ्याला दिसत नाय तो केस तिला भुवईत दिसायचा. गिऱ्हाइकं "ती छोटी हाय का" म्हणून विचारत यायची. पण एकदा एका बाईचं तोंड क्रीम लावल्यावर लाल झालं आन अमरीन त्या बाईच्या देखत मोहिनीताईंना म्हणाली, "ताई, ह्या डब्यावर आत काय हाय ते लिहिलंच नाय की." त्याच दुपारी मोहिनीताईंनी तिला घरचा रस्ता दाखवला. तवा तिची पर्स घेऊन तिला स्टँडपर्यंत सोडायला एकच जण आलेली. ज्योत्स्ना. वयानं मोठी, तिथंच कामाला, राजुरीची.

"घरी बसून काय करशील?" ज्योत्स्नानं विचारलं व्हतं.

"असलं काहीतरी करीन, ज्यात कायच नसंल."

"कायच नसंल तर डब्यात काय भरशील?" ज्योत्स्ना हसली व्हती.

तवापासून जुन्नरच्या त्या दोन खोल्यांत अमरीनचे उद्योग चालू झाले. कोरफड, मेथी, तांदळाचं पाणी, जास्वंदीची पानं. मोबाईलवर बघायचं, करायचं, स्वतःच्या तोंडाला फासायचं. कांद्याचा रस डोक्याला लावला त्या दिवशी रुक्सानानं तिला जेवायला बाहेर ओट्यावर बसवलं. पण एक नेम तिनं स्वतःला घालून घेतला व्हता. कुठलीबी नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावायची, रात्र जाऊ द्यायची, मगच तोंडाला. त्या सगळ्यात एकच गोष्ट खरी जमली, ते उटणं. मसुराची डाळ, आंबेहळद, वाळा, संत्र्याची सालं, आन बदामाच्या जागी गोडंबी. गोडंबी म्हंजे बिब्याच्या आतला गर. डिंकाच्या लाडवात घालतात तीच, गोड, तेलकट. तिनं कातडी अशी मऊ व्हायची, की मोहल्ल्यातल्या बायका दाराशी यायला लागल्या.

ज्योत्स्नानं हळदीसाठी दोन डबे सांगितले, आन नेमकी तवाच दुकानातली गोडंबी खवट निघाली. वासावरनं अमरीननं ती परत केली. मग रविवारच्या बाजारात साळुबाईकडं बिबे दिसले. साळुबाई डोंगरातनं हिरडा, बिबा, मध घेऊन येते. अमरीननं बिबे घेतले तवा ती म्हणाली, "औषधाला का? का फोडाया नेतीस? फोडायचं असंल तर हाताला तेल लाव, राखंत घोळव, आन—"

"माहितीये मला," अमरीन म्हणाली. पुढचं ऐकायला ती थांबलीच नाय. तिला शिकवलेलं सोसायचं नाय, मग तो मास्तर असो नायतर बाजारातली बाई.

घरी येऊन तिनं वरवंट्यानं बिबे ठेचले. तेल लावलं व्हतं, पण बोटांच्या टोकांना. गर काढताना टरफलाचा काळा चीक गराला लागला, पाट्याला लागला. तिनं फडक्यानं पुसला आन सगळं एकत्र दळलं. आन कोपराला लावून बघायचा नेम ह्या खेपेला केलाच नाय. कशाला करायचा? उटणं तेच, गोडंबी तीच. नेहमीचंच तर हाय.

"अम्मी," ती आता म्हणाली, "त्याच गोडंबीचं उटणं मी ज्योत्स्नाला दिलंय. तोंडाला लावायला."

रुक्साना खाली बसली.

अमरीननं फोन लावला. रिंग गेली, कोणी उचलला नाय. परत लावला. हळदीच्या घरात नवरीचा फोन कोणाच्या हातात असतो? कोणीतरी पोरगं त्यावरनं गाणी लावून बसलं असंल. तिनं मेसेज लिहिला, "उटणं लावू नको", मग पुढं काय लिहायचं सुचेना, तेवढाच पाठवला. एकच टिक पडली. ती बघत राहिली, दुसरी पडंना.

तिच्या मनात एक बारीकसं आलंच. बिबा काय सगळ्यांना उतत नाय. एखाद्याला उततो, एखाद्याला नाय. ज्योत्स्नाला उतला नाय तर कोणाला कळणारबी नाय. आपण इथंच बसलो, हाताला खोबरेल लावलं, तर? पण लगेच दादीच्या गालावरचा तो डाग आठवला. तिनं लहानपणी कितीदा त्याच्यावरनं बोट फिरवलं व्हतं, आन दादी म्हणायची, हा धुऊन जायचा नाय बेटा. धोबी बिब्यानं कपड्यावर खूण करतात ना, तसलाच.

"मी चालले," अमरीन म्हणाली.

"मारतील तुला."

"मारू दे."

नारायणगावापर्यंत एसटी मिळाली. तिथनं आळेफाटा जीपनं. फाट्यावर जीप बदलायची व्हती, आन ड्रायव्हर म्हणतोय, भरल्याशिवाय हलत नाय. अमरीन मागच्या बाकावर कोंबून बसली, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून. खाज अशी, की दात आवळून बसायला लागायचं. एकदा गाडीनं खड्ड्यात दणका दिला आन तिनं वरचा दांडा धरला. शेजारची बाई मांडीवरचं पोरगं घेऊन बसलेली. तिनं त्या हाताकडं बघितलं आन पोराला पलीकडं सरकवलं.

"नायटा हाय का गं? पसरतोय तो."

"नायटा नाय."

"मग काय हाय?"

"तुमी उतरता का मी उतरू?"

बाईनं तोंड फिरवलं, पण पोरगं तिनं परत अलीकडं घेतलं नाय. अमरीनला रडू आलं, आन रडू आलं म्हणून राग आला. तिनं पुन्हा फोन लावला. ह्या खेपेला तर बंदच लागला.

तिला ज्योत्स्नाचं तोंड दिसायला लागलं. सावळं, गुळगुळीत, हसताना उजव्या गालाला खळी. पार्लरमधी गिऱ्हाइकं विचारायची, तू काय लावतेस गं? ती म्हणायची, साबण. मागच्याच आठवड्यात तिनं फोन केला व्हता. "मोहिनीताई म्हणतात गोल्ड फेशियल कर. मी नाय म्हणाले. माझं तोंड ह्या खेपेला अमरीनच्या हवाली." ते वाक्य तवा अमरीनला इतकं भारी वाटलं व्हतं, की तिनं रुक्सानाला दोनदा सांगितलं. आता तेच वाक्य डोक्यात फिरत व्हतं.

वाटेतल्या आळे गावात गाडी हळू झाली. रस्त्याच्या कडेला मांडव, निळ्या झालरी, गाणी जोरात. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात 'चि. संघर्ष'. ज्योत्स्नाचा नवरा. तो मांडवात पाटावर बसलेला, अंगात बनियन, आन पाच-सहा बाया त्याला माखत व्हत्या. तोंड, मान, दंड, सगळं. पोरं मोबाईल वर धरून शूटिंग करत व्हती. अमरीनच्या नजरेला एक गोष्ट खटकली. हळद पिवळीधमक नव्हती. जरा तपकिरी मारत व्हती. पण तिच्या डोक्यात त्या वेळी एकच तोंड व्हतं, आन जीप पुढं गेली.

राजुरीला ती उतरली आन पळत सुटली. गाण्यांच्या आवाजावरनंच घर सापडलं. मांडवात बायांची गर्दी, एका बाजूला भगवान बुद्धांची आन बाबासाहेबांची तसबीर, फुलांच्या माळा, आन मधोमध पाटावर ज्योत्स्ना. पिवळी साडी. तोंड कोरडं. स्वच्छ. अजून कोणीच काय लावलं नव्हतं.

अमरीननं मांडवाचा खांब धरला.

"आली का हर्बलवाली," कोणीतरी म्हणालं. मोहिनीताई. खुर्चीवर पंख्याच्या वाऱ्यात बसलेल्या, मेकअपची पेटी पायाशी. उद्याचा मेकअप त्यांचाच व्हता. "ये ये. म्हटलं, डॉक्टरीणबाई आल्याबिगर नवरीला हात लावायचा नाय का काय."

"अमरीन!" ज्योत्स्ना ओरडली. "किती उशीर? ये, बस माझ्यापाशी."

आता बोलायचं, असं अमरीननं ठरवलं व्हतं. गाडीत सगळी वाक्यं जुळवून ठेवली व्हती. पण मोहिनीताई बघत व्हत्या, गालातल्या गालात हसत. आन तोंड उघडलं तर बाहेर दुसरंच आलं.

"उटण्याचा डबा कुठं हाय, मावशी?" तिनं ज्योत्स्नाच्या आईला, शीलामावशीला विचारलं. "ते जरा जुनं झालंय वाटतं. मी बघते."

"जुनं कसं? परवाच तर आणलं मी तुझ्याकडनं," शीलामावशी म्हणाली. पण तिनं आतनं डबा आणून दिला. झाकण तसंच, चिकटपट्टी तशीच. अमरीननं तो छातीशी धरला. सुटले. आता म्हणायचं वास येतोय, फेकून द्यायचा, साधी हळद लावू द्यायची आन घरी जायचं. कोणाला काय कळायचं नाय.

"दुसरा?" तिनं विचारलं.

"कुठला दुसरा?"

"दोन डबे दिले व्हते मावशी. दुसरा कुठंय?"

"तो व्हय," शीलामावशी हसली. "तो सकाळीच आळ्याला धाडला. म्हटलं, एवढं चांगलं हाय तर जावईबापूंच्या हळदीतबी कालवा. आता येतीलच त्यांची माणसं उष्टी हळद घेऊन. ती आधी लावायची, मग आपली."

अमरीनच्या डोळ्यापुढं तो तपकिरी रंग आला. बनियन, मान, दंड. त्या बाया हसत हसत माखत व्हत्या. आन नवऱ्याच्या अंगाला लागून उरलेली तीच हळद आता वाटीत घालून इकडं निघाली व्हती. ज्योत्स्नाच्या तोंडासाठी.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिला. बाया उठल्या, कोणीतरी गाण्याचा आवाज वाढवला.

आळ्याची माणसं आत आली. पुढं संघर्षची आत्या केशरबाई, डोक्यावर पदर, हातात ताट. ताटात वाटी, वाटीवर रुमाल. तिनं रुमाल काढला आन तो वास अमरीनला लांबनंच आला. वाळा, संत्र्याची सालं. तिचाच वास. तो तिला दहा वासांत ओळखता आला असता.

"थांबा," ती म्हणाली.

कोणालाच ऐकू गेलं नाय. स्पीकर फुटायचा बाकी व्हता. केशरबाई पाटापाशी वाकली. ज्योत्स्नानं डोळे मिटले, हसत व्हती. अमरीन बायांमधनं घुसली, कोणाच्या पायावर पाय पडला, कोणीतरी शिवी दिली. ती पोचेपर्यंत केशरबाईचं बोट वाटीत बुडलं व्हतं आन ज्योत्स्नाच्या उजव्या गालावरनं, खळीवरनं, खाली हनुवटीपर्यंत फिरलं व्हतं. दुसऱ्यांदा बोट वाटीकडं गेलं, तवा अमरीननं ताटालाच हात मारला.

ताट मांडवाच्या खांबावर आपटलं. वाटी गडगडत गेली. हळद सतरंजीवर पडली.

कोणीतरी गाणं बंद केलं. बाहेरच्या गाडीचं इंजिन ऐकू यायला लागलं. कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं अमरीनला.

"काय केलंस गं पोरी," केशरबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आन त्याचीच जास्त भीती वाटली. "नवऱ्याची उष्टी हळद व्हती ती. कळतं का तुला, काय सांडलंस?"

मागनं एक बाई म्हणाली, "जाऊ द्या ओ आत्या. त्यांच्यात नसंल असलं काय."

"आमच्यातबी हळद असते," अमरीन तिच्याकडं वळून म्हणाली. एरवी ती तिथंच भांडत बसली असती. पण ज्योत्स्ना तिच्याकडं बघत व्हती, डोळे मोठे करून, आन गालावर ती तपकिरी रेघ. वाळायला लागली व्हती.

मग अमरीननं डबा खाली ठेवला, ओढणी सोडली आन दोन्ही हात पुढं केले. बोटं फाकवून. गाडीत खाजवून खाजवून काही फोड फुटले व्हते, त्यातनं पाणी येत व्हतं.

"हे बघा. मी बिबे फोडले, त्याचा चीक गोडंबीला लागला. तो ह्यात गेलाय. ह्या डब्यातबी, आन तुमच्याकडं आला त्यातबी." तिनं हात आणखी वर केले. "मी लावून बघितलं नव्हतं. बघायला पायजे व्हतं. ते पुसा आधी. कोणीतरी पुसा ते, मला हात लावता येत नाय."

कोणी हललं नाय. सगळ्या तिच्या हातांकडं बघत व्हत्या. आन मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मोहिनीताई उठल्या व्हत्या. अमरीननं मान खाली घातली. आता ह्या बोलणार. बोलू दे, ह्यांचा हक्कच हाय. पण मोहिनीताईंनी पेटी उघडली, कापूस काढला आन शीलाला म्हणाल्या, "खोबरेल आण. लवकर. ज्योत्स्ना, हात लावू नको. बोलूबी नको, गाल हालतो." त्यांनी कापूस तेलात बुडवला आन ती रेघ चोळली नाय, टिपली. एक बोळा टाकायचा, दुसरा घ्यायचा. मग साबणानं धुतलं, मग परत. बोटं अशी चालत व्हती, की अमरीनला पार्लरमधले दिवस आठवले. तिथं तिनं ह्या बाईंचं दुसरं सगळं बघितलं, हात बघितलेच नव्हते.

"तिकडं फोन लावा," मोहिनीताई मान न वळवता म्हणाल्या. "नवऱ्याला धुवा म्हणावं. आन ज्यांनी ज्यांनी लावलं त्यांनाबी हात धुवायला सांगा."

केशरबाईनं फोन काढला, पण तिच्या हाताला नंबर सापडंना. कोणीतरी लावून दिला. पलीकडं गाणी, शिट्ट्या. "अरे संघर्षला दे. संघर्षला दे रे आधी. नाचतोय? नाचू नको म्हणावं त्याला, तोंड धू म्हणावं." मग ऐकत राहिली आन तिचे डोळे भरले. "आत्ताच उन्हात वाळवलं म्हणतो, चांगला रंग चढावा म्हणून."

 अमरीन सतरंजीच्या कडेला बसली, त्या सांडलेल्या हळदीपाशी. कोणी तिला उठ म्हणालं नाय, बस म्हणालं नाय. ज्योत्स्नाला फाट्यावरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, संघर्षलाबी तिथंच आणणार व्हते. जाताना ज्योत्स्ना तिच्यापुढनं गेली. गालावर तेलाचा बोळा धरलेला. ती थांबली नाय.

शीलामावशी मागं राहिली. ती म्हणाली, "अमरीन, तू घरी जा आता."

एवढंच. मारलं असतं तर चाललं असतं.

त्या रात्री अमरीनला झोप नव्हती, आन सकाळी उठली तवा हात पावासारखे फुगलेले. रुक्सानानं जुन्या मऊ ओढणीच्या पट्ट्या फाडून, तेल लावून बांधल्या. फोन उशापाशीच व्हता. कोणाचा आला नाय. तिनं केला नाय. लावला आन ज्योत्स्नानं उचलला, तर ती काय सांगंल? आन उचललाच नाय, तर?

बिबा दुसऱ्या दिवशी जास्त चढतो. हे आता तिला माहीत झालं व्हतं. तिच्या स्वतःच्या हातावर ती बघत व्हती, तास जाईल तसं.

"जाऊ नको," रुक्साना म्हणाली. "लग्नघर हाय. तुला बघून त्यांचा जीव जळंल."

"मला बघायचंय अम्मी."

"काय बघायचंय?"

अमरीनला ते सांगता येईना. न बघता इथं बसलं, तर प्रत्येक वेळी डोळे मिटल्यावर ते तोंड आणखी आणखी वाईट दिसत व्हतं. खरं एकदा बघितलं, की निदान तेवढंच राहील.

रुक्सानानं पिशवी ठेवून दिली आन चपला घातल्या. "चल. मी बाहेर उभी राहीन."

राजुरीत मांडवात खुर्च्या लागत व्हत्या. माणसं अमरीनकडं बघत व्हती, बांधलेल्या हातांकडं बघत व्हती, आन बाजूला व्हत व्हती. कोणीतरी म्हणालं, "हीच ती." ती सरळ आत गेली. थांबली असती तर परत फिरली असती.

आतल्या खोलीत ज्योत्स्ना दाराकडं पाठ करून बसली व्हती. पांढरी साडी, केसांत गजरा. मोहिनीताई आरसा धरून उभ्या. आरसा असा तिरका, की त्यात ज्योत्स्नाचा फक्त कान दिसत व्हता.

अमरीन उंबऱ्यावरच राहिली. 

"आली का?" ज्योत्स्ना पाठमोरीच म्हणाली. "चपलांचा आवाज ओळखते मी तुझ्या. फरफटत चालतेस."

"ज्योत्स्ना."

"नवरदेव तिकडं गॉगल लावून बसलाय. एक डोळा बंद झालाय, मान ही एवढी. पोरं म्हणतात, हिरो दिसतोय. डॉक्टरांनी सुई दिली, उतरंल म्हणाले. नाचायचं काय सोडत नाय पण." ती हसायला गेली आन मधीच थांबली. हसताना काहीतरी दुखत असावं.

मग ती वळली.

डावा गाल तसाच. कपाळ तसंच. डोळे दोन्ही उघडे. उजव्या गालावर खळीपासून हनुवटीपर्यंत एक बोटभर रुंद लाल पट्टा उठलेला, कडेला फोड, मलम लावलेलं. केशरबाईचं बोट जसं फिरलं व्हतं, तसाच्या तसा. तेवढाच. ताटाला हात मारला नसता, तर आज हे सगळं तोंड तसलं झालं असतं, हे अमरीनला दिसलं. आन ताट दहा पावलं आधी गाठलं असतं, तर एवढंबी झालं नसतं, तेबी दिसलं.

"पावडर नाय लावायची त्याच्यावर," मोहिनीताई म्हणाल्या, आरसा खाली ठेवत. "डॉक्टरांनी सांगितलंय. मी म्हटलं, पदर घेऊ थोडा पुढं. ती नको म्हणते."

"फोटोत येईल ते," अमरीन म्हणाली.

"येऊ दे की." ज्योत्स्ना तिच्याकडं नीट बघत व्हती. रागानं बघतीय का काय, ते अमरीनला कळंना. तिच्या नजरेला सगळं कळायचं, हे एकच कळत नव्हतं. "अमरीन, खरं सांग. डाग राहील का हा?"

अमरीनच्या तोंडात उत्तरं तयार व्हती. कोरफड लाव. बटाट्याचा रस लाव. दुधाची साय. सगळी माहीत व्हती तिला, ती ओठांपर्यंत आलीबी. आन दादीचा गाल आठवला. आन ह्या रेघेवरनं तेल लगेच फिरलं व्हतं, दादीच्या गालावरनं फिरलं नव्हतं, तेबी आठवलं. दोन्हींतलं कुठलं खरं ठरंल?

"नाय माहिती," ती म्हणाली.

ज्योत्स्नानं मान हलवली. बाहेर कोणीतरी माईक तपासत व्हतं. शीलामावशी दारात डोकावली, अमरीनला बघून थबकली आन परत गेली.

"मग इथं बस," ज्योत्स्ना म्हणाली. "समोर. लई खाज सुटलीय मला. विधी चालू झाल्यावर माझं ध्यान राहणार नाय. माझा हात गालाकडं गेला, की धरायचा."

"मी? सगळ्यांपुढं?"

"काल सगळ्यांपुढंच ताट उडवलंस की."

अमरीन समोर बसली. स्वतःच्या पट्ट्यांखाली आग लागली व्हती, पण तिनं हात मांडीवर गच्च दाबून धरले. ज्योत्स्ना बांगड्या सारख्या करत व्हती. मग तिचा उजवा हात हळूच, तिला न कळत, वर जायला लागला. गळ्यापर्यंत आला. अमरीननं पुढं होऊन तो दोन्ही बांधलेल्या हातांनी पकडला आन धरून ठेवला. कोण कोणाला धरून बसलंय, ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

"सोडू नको," ज्योत्स्ना डोळे मिटून म्हणाली.